गळ्याबाहेरचा गळा

आवाजाबद्दल आपण मराठीत काय काय बोलतो ते एकदा कान देऊन ऐका. आवाज बसतो, लागतो, चढतो, उतरतो, फाटतो. मिसरूड फुटायच्या वयात पोरांचा आवाजही फुटतो. पण हा आवाज तयार कसा होतो असं विचारलं, की शंभरातले नव्वद जण एकच उत्तर देतात, "स्वरतंतूंमुळे." तंतू म्हणजे तार किंवा दोरा. म्हणजे गळ्यात दोन तारा ताणून बसवलेल्या आहेत आणि श्वास त्या छेडतो, असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं.

खरं तर गळ्यात तार नाही, एकसुद्धा नाही. मग ती आपल्या भाषेत आली कुठून, आणि ती नाही हे माणसाला कळलं कसं, त्याची ही गोष्ट. थोडी लांबण लागेल, पण मला वाटतं मजल्याला मजल जोडत गेलो तर कंटाळा येणार नाही.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो आमच्या थोरल्या आत्यामुळे. आत्या चाकूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. वर पत्रे, समोर साठ पोरं, आणि शेजारच्या वर्गाशी मध्ये फक्त एक अर्धी भिंत. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की बाईंचा पाढा आणि पावसाचा पाढा यांची शर्यत लागायची. पंचविसेक वर्षं अशी गेल्यावर तिचा आवाज बसला. आधी संध्याकाळी बसायचा आणि सकाळी उठायचा, मग सकाळीही उठेना. "आवाज निघंनाच गेलाय बघ, आतून कुणी बूच मारल्यावानी," असं ती फुसफुसत सांगायची.

आता आपल्याकडं दुखणं एकाचं असतं आणि निदान करायला सगळा गाव असतो. भजनी मंडळातले नाना म्हणाले, "तार ढिली पडली. रोज पहाटे वरच्या पट्टीत ओरडून म्हणायचं, ताण बसला की आवाज मोकळा होतो." शेजारच्या काकांचं मत, "नस दबलीय, ताकदीचं औषध घ्या." आणि शाळेतल्या एका वरिष्ठाचं निदान सगळ्यात सोपं होतं, "रजेसाठी नाटक आहे."

तिसऱ्या निदानाचं सोडून द्या. पण तार आणि नस हे पहिले दोन सिद्धांत हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनी हेच दोन सिद्धांत छापून मांडले होते, आणि ते खोडून काढायला माणसाला गळ्याच्या बाहेर दुसरा गळा करावा लागला.

आधी तारेचं बघू. त्यासाठी युरोपात जायच्या अगोदर आपल्याच मराठवाड्यात थांबलं पाहिजे. चाकूरहून तीनेकशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरजवळ, देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तिथं यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. हा माणूस दरबारात हिशेबाचं खातं सांभाळायचा आणि त्यानं लिहिला 'संगीतरत्नाकर'. हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही पद्धतींचे लोक आजही त्या ग्रंथापाशी येऊन थांबतात.

गाण्याच्या या ग्रंथात शार्ङ्गदेव सुरुवातीलाच शरीर कसं घडतं ते सांगतो, कारण नाद शरीरातून येतो. प्राण आणि अग्नी यांच्या संयोगातून नाद होतो. हृदयात तो मंद्र, कंठात मध्य आणि मस्तकात तार. हृदयाशी बावीस नाड्या आहेत, त्यांवर वारा आदळला की एकीपेक्षा दुसरी चढी अशा बावीस श्रुती निघतात. पण या नाड्या दाखवणार कशा? छाती उघडून तर दाखवता येत नाही. म्हणून तो दोन वीणा घ्यायला सांगतो, प्रत्येकीला बावीस तारा. पहिली तार जमेल तितक्या खालच्या सुराला लावायची, पुढची तिच्याहून इतकीच चढी की मध्ये तिसरा सूर मावू नये. एक वीणा स्थिर ठेवायची, दुसरी टप्प्याटप्प्यानं उतरवत न्यायची आणि दोन्ही ताडून बघायच्या.

मला यातली पद्धत फार मोलाची वाटते. जे आत आहे आणि दिसत नाही, त्याच्यासारखं काहीतरी बाहेर करायचं आणि त्यावर कानानं तपासणी करायची. आज ज्याला प्रतिकृती म्हणतात ती हीच. त्यातला धोकाही इथंच दिसतो. शार्ङ्गदेवापुढे वीणा होती, म्हणून त्याला शरीरातही बावीस तारांसारख्या बावीस नाड्या दिसल्या. जे वाद्य हाताशी असतं तेच माणसाला गळ्यात दिसतं.

पाचशे वर्षांनी पॅरिसमध्ये अगदी हेच घडलं. आंत्वान फेरें नावाच्या वैद्यानं मेलेल्या कुत्र्याचं स्वरयंत्र काढून त्याच्या श्वासनलिकेतून जोरात हवा फुंकली. स्वरयंत्र ओरडलं! मेलेलं जनावर आणि जिवंत आवाज, बघणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल कल्पना करा. त्यानं माणसाच्या प्रेतावरही प्रयोग केले आणि १७४१ साली निबंध लिहिला. तेव्हाच्या पॅरिसमध्ये गज घासून वाजवायच्या तंतुवाद्यांची चलती होती. त्यामुळे फेरेंला आतल्या कडा तारांसारख्या दिसल्या आणि फुंकर गजासारखी. त्यानं त्यांना 'आवाजाच्या तारा' हे नाव दिलं. ते फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं आणि आपल्याकडे 'स्वरतंतू' होऊन आलं. भजनी मंडळातले नाना जी ढिली पडलेली तार सांगत होते, ती थेट पॅरिसहून आलेली!

त्याच शतकाच्या शेवटी व्हिएन्नात वोल्फगांग फॉन केम्पेलेननं बोलणारं यंत्र केलं आणि १७९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. यंत्रात फुफ्फुसाच्या जागी भाता, गळ्याच्या जागी हस्तिदंताची पातळ पट्टी आणि तोंडाच्या जागी रबरी नरसाळं, ज्यावर हात ठेवून किंवा काढून अक्षरं घडवायची. भाता आणि पट्टी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पेटी आली असेल. बरोबर आहे, ती बोलणारी पेटीच होती. तंतुवाद्य मागं पडून आता गळ्यात पत्तीचं वाद्य दिसू लागलं होतं. ही नुसती उपमा बदलली असं नाही. तार स्वतः गाते, हवा तिला फक्त छेडते. पत्ती मात्र हवेची वाट उघडते आणि मिटते, आणि आवाज होतो तो असा तुकड्या-तुकड्यांनी सुटलेल्या हवेचा.

ही गोष्ट मोजून दाखवली बर्लिनच्या योहान्नेस म्यूलरनं, १८३०च्या दशकात. त्यानं प्रेताचं स्वरयंत्र फळीवर पक्कं बसवलं, दोरीला वजनं टांगून पडदे हवे तितके ताणले, खालून नळीनं हवा सोडली आणि दाब मोजायला दाबमापक लावला. मांसाऐवजी रबराच्या पातळ पट्ट्या लावूनही पाहिलं. त्याला असं आढळलं की वजन तेच ठेवून नुसती फुंकर वाढवली तरी सूर चढतो. म्हणजे तोच सूर धरून आवाज मोठा करायचा तर ताण किंचित सैल करावा लागतो. गाणाऱ्यांनो, तुम्ही ज्याला सुरात राहून आवाज 'लावणं' म्हणता, त्याच्यामागं हा हवा आणि ताण यांचा तोल आहे. १८३९ मध्ये म्यूलरनं या तोलावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ताण वाढवला की आवाज सुटतो हा नानांचा उपाय त्या फळीवरच निकालात निघाला होता.

पुढे १८५४ मध्ये मान्वेल गार्सिया या गाण्याच्या मास्तरानं दंतवैद्याच्या छोट्या आरशावर ऊन पाडून स्वतःचाच गळा गाताना पाहिला. तार नव्हती. दोन फिकट पांढऱ्या कडा होत्या, जवळ येत होत्या, दूर जात होत्या. गार्सियाचा आरसा पुढं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या हाती गेला, पण तो होता एका गाणाऱ्याचा. आपल्याकडेही ही वाट गाण्याच्या बाजूनंच रुळली. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर (१९०१ ते १९९०) यांनी आवाजसाधनेचा शास्त्रीय अंगानं विचार सुरू केला आणि डॉ. अशोक रानडे (१९३७ ते २०११) यांनी तो गायक, नट आणि निवेदक यांच्यापर्यंत पोचवला.

आता नसेकडे वळू, म्हणजे शेजारच्या काकांकडे.

नसेचा मान जुना आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन या वैद्यानं किंचाळणाऱ्या डुकराच्या मानेतली एक बारीक नस कापली आणि डुक्कर तडफडत राहिलं, पण आवाज बंद. १९५० मध्ये पॅरिसच्या राऊल ह्यूसोंनी ही कल्पना टोकाला नेली. पडदे सेकंदाला दोनशे वेळा हलत असतील, तर मेंदूकडून नसेवाटे दोनशे हुकूम येतात आणि प्रत्येक हुकमाला एक हालचाल होते, असं त्यांचं म्हणणं. हवा बिचारी नुसती वाटसरू.

याला उत्तर मिळालं नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनहून. यानविलेम फान डेन बेर्ख यांनी सहकाऱ्यांसोबत माणसाच्या स्वरयंत्राच्या साच्यावरून प्रतिकृती घडवली, तिच्यातून हवा सोडली आणि अरुंद फटीत दाब किती पडतो ते मोजलं. १९५७ मध्ये ते आकडे छापून आले आणि १९५८ मध्ये त्यांनी सिद्धांत मांडला की आवाज होतो हवेचा झोत आणि मांसाची लवचिकता यांच्या झोंबाझोंबीतून. नसेचं काम पडदे जवळ आणून ताणून धरायचं, झालं. पुढची प्रत्येक थरथर हवा करून घेते. नाहीतर फेरेंच्या मेलेल्या कुत्र्याला कोणता मेंदू हुकूम देत होता?

ओठांची तुतारी करून फर्रर्र करून बघा. तुतारी वाजवणाराही नेमकं हेच करतो. तुम्ही ओठांना सेकंदाला शंभर हुकूम देत नाही, ओठ सैल धरता आणि फुंकता. स्वरयंत्रात असलेच दोन इवलेसे ओठ आहेत, आडवे नव्हे तर पुढून मागे गेलेले. त्यांचा थरथरणारा भाग पुरुषांत साधारण दीड सेंटीमीटर, बायकांत सेंटीमीटरभर.

इथं गोष्ट संपायला हवी होती, पण एक अडचण उरली. अरुंद फटीतून हवा वेगानं गेली की दाब कमी होतो आणि पडदे आत ओढले जातात, इथवर ठीक. पण हे ओढणं जर फक्त फट किती रुंद आहे यावर ठरत असेल, तर पडदे उघडतानाही तेवढंच ओढणार आणि मिटतानाही तेवढंच. झोक्यावरच्या पोराला जाताना आणि येताना एकाच बाजूला सारखाच रेटा दिला तर झोका थांबेल. झोका चालू ठेवायचा तर जाताना पुढे लोटावं लागतं. गळ्यातल्या झोक्याला हा लोट कोण देतं?

उत्तर पडद्यांच्या आकारात निघालं. पडदा एकसंध हलत नाही, त्याची खालची कड आधी सुटते आणि वरची मागाहून, पाण्यावर लाट जावी तशी. १९७२ मध्ये इशिझाका आणि फ्लॅनागन यांनी प्रत्येक पडद्याऐवजी स्प्रिंगनं जोडलेले दोन गोळे कल्पून गणितात ही लाट चालवून दाखवली. उघडताना वाट खाली रुंद, वर अरुंद, म्हणजे उलटं धरलेलं नरसाळं. त्यात दाब जास्त राहतो आणि पडदे बाहेर लोटले जातात. मिटताना खाली अरुंद, वर रुंद, म्हणजे सरळ नरसाळं. त्यात दाब पडतो आणि पडदे मिटायला मोकळे होतात. झोक्याला प्रत्येक वेळी योग्य बाजूनं हात लागतो तो असा.

हे खरंच असं होतं का, ते बघायचं कसं? जिवंत गळ्यात फट असते मिलिमीटरभराची, तिच्या भिंतीवर दाब मोजायला सुईसुद्धा जायची नाही. म्हणून अमेरिकेत ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात रोनाल्ड शेरर यांच्या गटानं पारदर्शक प्लास्टिकचा साडेसात पट मोठा गळा केला. पडदे सुटे, म्हणजे हव्या त्या उताराचे बसवता येतात, आणि भिंतीत ओळीनं बारीक भोकं, प्रत्येक भोकातून दाब मोजायचा. आकार साडेसात पट केला की हवेचा वेग साडेसात पट कमी ठेवायचा, म्हणजे प्रवाहाचं वागणं तसंच राहतं. त्यामुळे दाब सुमारे छप्पन्न पट कमी होतो, आणि मोजल्यावर गणितानं तो पुन्हा खऱ्या गळ्याच्या मापात आणतात. २००१ मध्ये त्यांनी छापलेल्या मापांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असूनही सरळ नरसाळ्याच्या आकारात झोत मधोमध जात नाही, कुठल्यातरी एका भिंतीला चिकटतो, आणि दोन भिंतींवर दाब वेगळा भरतो. गणितवाल्यांनी ही गोष्ट सोयीसाठी सोडून दिली होती, प्लास्टिकच्या गळ्यानं ती समोर आणून ठेवली. २००५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात मऊ पडदे ओतून केले गेले. त्यांतून हवा सोडली की ते आपोआप थरथरतात. मेंदू नाही, नस नाही, तार तर नाहीच.

तर मंडळी, आत्याचं काय झालं? लातूरच्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, "पडद्यांवर गाठी आहेत." गाठ हा शब्द आपल्या घरांत कसा ऐकला जातो ते मी सांगायला नको. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. मग डॉक्टरांनीच हाताचा तळवा पुढे करून समजावलं, "कुदळ धरून धरून हाताला घट्टे पडतात की नाही, तसले घट्टे हे. कर्करोग नाही."

घट्टे पडणारच. बोलताना बायकांचे पडदे सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात. पाऊण तासाच्या तासिकेत वीसच मिनिटं आवाज चालू होता असं धरलं, तरी दोन लाख चाळीस हजार टाळ्या झाल्या. दिवसाला सहा-सात तासिका, आणि त्याही पत्र्याखाली. १९७४ मध्ये जपानच्या मिनोरू हिरानो यांनी दाखवलं की पडदा हा आतला स्नायू आणि त्यावरचं मऊ, सैल आवरण असा दोन पदरी असतो, आणि लाट जाते ती या आवरणावरून. तेच घट्ट झालं की लाट अडखळते आणि पडदे नीट मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते, आवाज फुसफुसतो. मग माणूस आणखी जोर लावतो, त्यानं टाळी आणखी जोरात बसते आणि घट्टा वाढतो. यात नानांचा पहाटे ओरडायचा उपाय घातला असता तर काय झालं असतं? सुदैवानं आत्याला पहाटे पाणी भरायचं असायचं, तेवढा वेळच नव्हता.

तिला दिलेले उपाय अगदी साधे होते. काही दिवस आवाजाला विश्रांती, भरपूर पाणी, खाकरणं बंद, कुजबुजणंही बंद, वर्गात छोटा माईक, आणि आवाज पुन्हा लावायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे फेऱ्या. आणि एक स्ट्रॉ! पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉचं टोक थोडं बुडवायचं आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. फिनलंडमध्ये सोविजार्वी यांनी हाच उपाय काचेच्या नळीनं रुळवला होता. पाणी उलट दाब देतं, पडदे हळुवार भेटतात, कमी आपटतात. आत्याची नात तिच्याशेजारी बसून बुडबुड्यांची स्पर्धा लावायची. चार-पाच महिन्यांनी आवाज आला, थोडा ढाला, पण आला. एकादशीच्या भजनात ती आता एक पट्टी खालून म्हणते.

तो पेला मला प्रयोगशाळेइतकाच मोठा वाटतो. स्ट्रॉ पाण्यात जितके सेंटीमीटर बुडवाल, तेवढा दाब पहिला बुडबुडा काढायला लागतो. साधं बोलायला फुफ्फुसातून लागतो तो पाच ते दहा सेंटीमीटर पाण्याचा. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब हजार सेंटीमीटरहून जास्त असतो, त्याच्या एक टक्क्याच्या आतबाहेर सगळं संभाषण चालतं. पाढे, भांडण, अंगाई सगळं त्यात आलं. इतकं कमी लागत असताना आपण पोरांना बाहेरून सांगतो काय, तर "मोठ्यानं बोल, घशात जोर नाही का?"

म्हणून आपल्या गणगोतातल्या मास्तर-बाईंना, कीर्तन करणाऱ्यांना, बाजारात दिवसभर ओरडून माल विकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. आवाज बसला आणि तीन-चार आठवड्यांत उठला नाही, तर कुणाला तार पिळू देऊ नका आणि नसेचं टॉनिक घेत बसू नका. घशाच्या डॉक्टरांकडून आत बघून घ्या. तंबाखू किंवा गुटखा असेल तर त्याच्याही आधी जा, कारण तिथं गाठ म्हणजे दर वेळी घट्टाच असेल असं नाही.

आणि तारेचं म्हणाल, तर 'स्वरतंतू' हा शब्द काही आता जायचा नाही. राहू दे. ज्याला घरबसल्या खरा प्रकार बघायचा असेल त्यानं जत्रेतला फुगा फुगवावा, तोंडाशी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ताणावा आणि हवा सोडावी. फुगा किंचाळेल. घरातल्या पोरांना तो प्रयोग करायला द्या, आणि मग ती विचारतील ते प्रश्न मला कळवा.